कंदील उरले तर कोणाचे?

आमच्या संस्थेच्या जुलैच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ एकाच विषयावर जातो: या दिवाळीला माल किती करायचा. आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या, कागदी पिशव्या, भेटकार्डं आणि फराळाची पाकिटं. अठरा वर्षांवरच्या विशेष मुलांची आमची पुण्यात कार्यशाळा आहे. त्यांतली काही चाळिशीला आली आहेत, तरी आम्ही मुलंच म्हणतो. दिवाळीच्या विक्रीतून जे हाती येतं त्यावर वर्षाचा बराच वरखर्च भागतो. मी इथली खजिनदार. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम घेतलं. कर्जाच्या अर्जावर सही करताना जो प्रश्न मनात असायचा तोच मी इथे मोठ्याने विचारते: बुडालं तर कोणाचं बुडेल?

बैठकीत या प्रश्नाने थोडी नाराजी होते. काम चांगलं आहे, लोक मदत करतीलच, असं सगळ्यांना मनापासून वाटतं आणि बरेचदा तसं होतंही. पण देणगी आली नाही तर आपण होतो तिथेच राहतो. माल विकला गेला नाही तर मागे जातो, कारण कागद, काड्या, रंग, डबे यांचे पैसे ऑगस्टमध्येच देऊन झालेले असतात. विक्रीतून निधी उभा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा फरक नीट समजून घ्यावा असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

नव्या विश्वस्तांना मी अमेरिकेतल्या ‘गर्ल स्काउट्स’ या मुलींच्या संघटनेच्या, निधीसाठी विकल्या जाणाऱ्या बिस्किटांबद्दल सांगते. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या मुलींनी बिस्किटं विकली, तिथून हा उपक्रम सुरू झाला. आता एका हंगामात साधारण २० कोटी पुडे विकले जातात. शंभर वर्षांचा अनुभव, घरोघरी माहीत असलेलं नाव. तरी करोनाच्या काळात मुलींना दुकानांबाहेर टेबलं मांडता आली नाहीत आणि २०२१ च्या हंगामाअखेर सुमारे दीड कोटी पुडे उरले. त्यातले जवळपास १ कोटी २० लाख बेकऱ्यांकडे होते आणि ३० लाख स्थानिक शाखांकडे. उरलेल्या एकूण आकड्यापेक्षा मला ही विभागणी महत्त्वाची वाटते. माल कोणाच्या गोदामात उरला, ते पाहिलं की जोखीम कोणी उचलली होती ते कळतं.

आमच्यासारख्या छोट्या संस्थेत माल उरतो तो कार्यशाळेच्या माळ्यावर. आणि पैसा कमी पडला की पहिली नजर जाते मुलांच्या विद्यावेतनाकडे. “या महिन्यात थोडं थांबू, त्यांना काय कळणार,” असं कोणीतरी हळूच म्हणतं. त्यांना कळतं. आमच्याकडची एक मुलगी महिन्याच्या पाच तारखेला सकाळपासून पाकिटाची वाट पाहते आणि त्यातून आईसाठी गजरा घेते. म्हणून आमचा पहिला नियम असा आहे की विद्यावेतन आणि शिक्षिकांचे पगार विक्रीच्या पैशातून धरायचेच नाहीत. ते देणग्यांमधून आणि अनुदानातून वेगळे काढून ठेवायचे. विक्रीतून येईल त्यातून नवं यंत्र, रंगरंगोटी, सहल, औषधोपचार. विक्री पडली तर सहल पुढे जाईल, पाकीट थांबणार नाही.

आता माल किती करायचा, याकडे येते. कंदिलाचा हंगाम किती छोटा असतो ते विकणाऱ्यालाच माहीत. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टांगलेला असतो, पण विकत घेतला जातो तो वसुबारसेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत. तेवढ्यात पाऊस आला की संपलं. २०२२ मध्ये १७ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात असा पाऊस कोसळला की रस्त्यांच्या नद्या झाल्या, आणि लक्ष्मीपूजन होतं २४ तारखेला. विक्रीचा खरा आठवडा तोच. ओल्या हवेत कागद फुगतो, खळ सुटते, रंग एकमेकांत उतरतात. परतीचा पाऊस हल्ली ऑक्टोबरभर रेंगाळतो, तेव्हा लवकरच्या दिवाळीला हा धोका गृहीतच धरायला हवा. पंचांग उघडून दिवाळी कोणत्या तारखेला येते ते आधी बघायचं आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येत असेल तर कंदील कमी, पणत्या आणि कापडी-कागदी पिशव्या जास्त, असं ठरवायचं. पणती उरली तर पुढच्या वर्षी चालते. पिशवी बाराही महिने खपते.

भाव काढण्याची आमची रीतही याच विचारातून आली. शंभर नग केले तर ऐंशीच विकले जातील असं धरायचं. समजा पणत्यांच्या एका संचाला सगळं मिळून १०० रुपये लागले. शंभर संचांना १०,००० रुपये. ऐंशीच गेले, तर विकलेल्या प्रत्येक संचाने १२५ रुपयांचा भार उचलायचा असतो. १६० रुपये किंमत ठेवली तर कागदावर ६,००० रुपये सुटताना दिसतात, प्रत्यक्षात ऐंशी संचांचे १२,८०० येतात आणि हातात २,८०० राहतात. उत्साही स्वयंसेवक पहिला आकडा धरून पुढच्या खर्चाची यादी करतात. मी दुसराच आकडा फळ्यावर लिहिते.

त्यातही मोठा आधार आगाऊ नोंदणीचा. दसऱ्यापर्यंत नाव आणि पैसे देणाऱ्याला आम्ही पसंतीचा रंग देतो. नोंदणी जितकी होईल तितका माल निर्धास्तपणे करायचा आणि उघड्या विक्रीसाठी त्याहून थोडाच जास्त. जुने हितचिंतक दरवर्षी न चुकता नोंदवतात. संस्थेचा पाठीराखा कोणाला म्हणावं, तर आगाऊ पैसे देऊन आमच्या वाट्याची काळजी स्वतःकडे घेणाऱ्या या माणसांना.

सोसायट्या आणि दुकानं यांच्याकडे माल जातो तो बहुतेक जांगड. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. व्यापारात हा शब्द मुरलेला आहे, सामाजिक संस्थांत मात्र तो उच्चारायला लोक संकोचतात आणि “ठेवा हो, नंतर बघू” असं म्हणून खोकी देऊन येतात. मग दोन महिन्यांनी चेपलेले कंदील परत येतात आणि कोणी कोणाला काही बोलू शकत नाही, कारण देणारेही चांगले आणि घेणारेही चांगले. आम्ही साधी जांगडवही ठेवतो. माल देताना दोघांनी मिळून मोजायचा, दोघांनी सही करायची, मोडतोड कोणाकडे ते तिथेच लिहायचं आणि तुळशीच्या लग्नाआधी हिशेब मिटवायचा. एका मोठ्या सोसायटीच्या सचिवांनी वही पाहून म्हटलं, “ताई, आमच्यावर विश्वास नाही का?” मी म्हटलं, “काका, विश्वास आहे म्हणूनच माल ठेवतेय. वही माझ्यानंतर येणाऱ्या खजिनदारासाठी आहे.” त्यांनी सही केली, आणि आता त्यांच्याच सोसायटीचा हिशेब सगळ्यात आधी येतो.

कंपन्यांच्या ऑर्डरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोठं सुख आणि मोठा धोका दोन्ही तिथेच असतात. एका फोनवर हजार भेटपेट्यांची मागणी येते. बैठकीत आनंद होतो. पण पेटीवर कंपनीचं बोधचिन्ह छापायचं असतं, आणि एकदा ते छापलं की ती पेटी दुसऱ्या कोणालाही विकता येत नाही. अशी ऑर्डर रद्द झालेली आम्ही पाहिली आहे. त्या कंपनीतला आमच्याशी बोलणारा माणूस दुसऱ्या विभागात गेला आणि नव्या माणसाला या कामाची माहितीच नव्हती. तेव्हापासून निम्मे पैसे खात्यात आल्याशिवाय छपाई नाही. बयाणा मागितला म्हणून तुटलेलं नातं मला अजून दिसलेलं नाही. उरलेले निम्मे पैसे माल पोचल्यावर दोन-दोन महिन्यांनी येतात, तोवर कागदवाल्याला आपल्याला द्यावे लागतात, हेही आधीच धरायचं.

याहून मोठा प्रश्न पैशाचा नाही. हजार पेट्या तीन आठवड्यांत द्यायच्या तर मुलांच्या हाताच्या वेगाने त्या होत नाहीत. आमचा एक मुलगा दिवसाला चार पणत्या रंगवतो, पण त्या चार तो फार मनापासून रंगवतो. त्याला घाई केली की तो कामच सोडून खिडकीशी जाऊन बसतो. मग पालक आणि स्वयंसेवक रात्री बसून उरलेलं पूर्ण करतात. आणि पेटीवर लिहिलेलं असतं, “विशेष मुलांनी बनवलेली.” एका आईने मला विचारलं होतं, “ताई, घरच्यांनी हात लावला तर बिघडलं कुठे? पैसा तर मुलांनाच मिळणार.” तिची तळमळ मला कळत होती. तिच्यानंतर मुलाचं कोण बघणार या काळजीने ती रात्र जागत होती. तरी मी नाही म्हटलं. लोक आमच्याकडून पणती घेतात ती त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून, बाजारात त्याहून स्वस्त पणती मिळत असताना. ते वाक्य खोटं पडलं तर पुढच्या वर्षी विकायला आमच्याकडे काही उरत नाही.

म्हणून चिठ्ठीवर आम्ही जे झालं तेच लिहितो. “पणती कुंभारवाड्यातली, रंगकाम आमच्या कार्यशाळेतलं.” “कंदिलाचा सांगाडा विकत घेतलेला, कागद कापणं आणि चिकटवणं मुलांचं.” विक्रीच्या लोकांना वाटलं होतं याने आकर्षण कमी होईल. उलट माणसं थांबून वाचतात, कोणता भाग कोणी केला ते विचारतात. मोठी ऑर्डर आली तर आम्ही कंपनीला सांगतो की इतक्या दिवसांत दोनशे होतील, हजार नाही. काही जण दोनशे घेतात, काही जण फोन ठेवतात. मुलांचे फोटो चिठ्ठीवर छापायचे तर पालकांना विचारतोच, पण ज्याचा फोटो आहे त्यालाही विचारतो. दोन मुलांनी नको म्हटलं. त्यांचे फोटो नाहीत.

खाण्याच्या आणि अंगाला लावायच्या वस्तूंची जोखीम वेगळीच. कंदील फाटला तर पैसे परत देता येतात, चिवड्याने कोणी आजारी पडलं तर काय परत देणार? फराळ आमची मुलं करत नाहीत, एक बचत गट करतो आणि आम्ही विकतो. गटाकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे का, हे पहिलं बघायचं. लहान उलाढालीला नुसती नोंदणी पुरते, त्याहून मोठीला परवाना लागतो, आणि दोन्हींचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर यावा लागतो. घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, तक्रारीसाठी पत्ता, हे सगळं छापील हवं. वजनमापे खात्याचे नियमही पाकीटबंद मालाला लागू होतात. शेंगदाणे आहेत हे ठळक लिहा, काही मुलांना आणि मोठ्यांनाही ते जिवावर बेततात. चिवडा खवट लागतो तो तेलामुळे, तेव्हा तेल कोणतं आणि कितव्यांदा तापवलेलं, हे गटातल्या मावशींना न लाजता विचारायचं. आम्ही दिवाळीच्या फार आधी फराळ घेतच नाही आणि उरला तर दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत वाटून टाकतो, पुन्हा टेबलावर मांडत नाही.

उटण्यावरून तर आमच्याकडे बराच वाद झाला. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, कचोरा, गुलाबपाकळ्या, यात काय धोकादायक, पिढ्यान्‌पिढ्या घरी करत आलोय, असं सगळ्यांचं म्हणणं. घरी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. त्वचेला लावायची वस्तू तयार करून विकायची तर सौंदर्यप्रसाधनांचा किंवा आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना लागतो, त्यासाठी जागा आणि जाणकार माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. एखाद्या लहान बाळाला अभ्यंगस्नानानंतर पुरळ उठलं तर “संस्थेचं उटणं” एवढंच लोकांच्या लक्षात राहील. आम्ही असा मार्ग काढला की परवानाधारक कारखान्याचं उटणं त्यांच्याच वेष्टणात, त्यांच्या नावासह, जसंच्या तसं घ्यायचं आणि मुलांनी शिवलेल्या कापडी बटव्यात घालून विकायचं. मुलांचं काम बटवा, आणि किंमतही बटव्याचीच लावायची.

पॅकिंगचं साहित्यही बेतानेच घ्यावं. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, मग १ जुलै २०२२ पासून देशभरात मिठाईच्या डब्यांवरची पातळ फिल्म आणि सजावटीचं थर्माकोल बंद झालं. वर्षभराचा साठा करून ठेवणाऱ्यांना तो टाकून द्यावा लागला. आता आम्ही रद्दी कागद आणि सुतळीवरच असतो.

पैसे घेण्याबद्दल माझा आग्रह काही जणांना टोकाचा वाटतो. टेबलावर क्यूआर कोड फक्त संस्थेच्या खात्याचा. स्वयंसेवकाच्या मोबाईलवर एक रुपयाही नाही, मग रांग लागली तरी चालेल. कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नसते. पण संस्थेचा पैसा एखाद्या स्वयंसेवक मुलीच्या खात्यात आला आणि वर्षाने लेखापरीक्षकाने विचारलं, तर उत्तर देताना त्या बिचारीची मान खाली जाते. आपण तिला तिथे उभं करायचंच कशाला? गल्ला मिटवताना दोघंजण हवेत आणि रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत. २०२४ च्या दिवाळीत याचं महत्त्व सगळ्यांना पटलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि ऐन विक्रीच्या दिवसांत नाक्यानाक्यावर भरारी पथकं होती. ५० हजारांवरची रोकड बरोबर असेल तर ती कुठून आली याचे कागद जवळ हवेत. आम्ही बिलांच्या प्रती बटव्यात ठेवूनच निघायचो.

कराबद्दल थोडक्यात, कारण नेमकं उत्तर तुमच्या सीएंनीच द्यायला हवं, त्यातून १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. विक्रीची कीर्द-खतावणी वेगळी ठेवा आणि विक्री संस्थेच्या उद्देशाला धरून आहे हे दाखवता येऊ द्या. आयकर कायद्यातल्या ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या गटात मोडणाऱ्या संस्थांनी आणखी सावध राहावं, त्यांची व्यापारी स्वरूपाची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. आणि विक्रीला देणगीवरच्या करसवलतीची, म्हणजे जुन्या कायद्यात जिला ८०-जीची म्हणायचो ती, पावती नाही. ३०० रुपयांच्या कंदिलाचे ५०० देऊन लोक पाचशेची पावती मागतात, प्रेमानेच मागतात. आम्ही कंदिलाचं बिल करतो आणि वरचे दोनशे देणगी म्हणून स्वतंत्रपणे द्यायचे असतील तर त्यांची वेगळी पावती फाडतो. देणग्यांचं वार्षिक विवरण आयकर खात्याकडे जातं, तिथे चुकीचा आकडा गेला तर त्रास आपल्या देणगीदारालाच होतो.

भांडवल कुठून आणायचं, या प्रश्नावर मी अजिबात मऊ होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. एखाद्या विश्वस्ताने “माझ्याकडचे दोन लाख घ्या, दिवाळीनंतर परत करा” म्हटलं तरी ते कर्जच असतं. विशिष्ट कामासाठी मिळालेलं अनुदान मालात घालता येत नाही. तेव्हा पुढच्या सहा महिन्यांचे पगार आणि विद्यावेतन बाजूला ठेवून जे मोकळं उरतं, त्याच्या आतच दिवाळीची खरेदी. रक्कम छोटी असते. मग माल छोटा.

आणि एखाद्या वस्तूवर फार वर्षं विसंबूनही चालत नाही. आमच्या बँकेत डिसेंबरमध्ये युनिसेफच्या आणि मुलांसाठी काम करणाऱ्या ‘क्राय’ या संस्थेच्या शुभेच्छापत्रांची यादी टेबलाटेबलावर फिरायची. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ मधलं, चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये काही मित्रांसह ५० रुपयांवर ‘क्राय’ सुरू केली, आणि शुभेच्छापत्रं हा तिचा मोठा आधार होता. मग मोबाईल आले आणि कार्ड पाठवायची सवयच गेली. ‘क्राय’ टिकली, कारण दरमहा देणगी देणारी माणसं तिने जोडली. आमची भेटकार्डंही दरवर्षी कमी जातात. ती काढणाऱ्या दोघींना त्याच हातकामाचं दुसरं काय देता येईल, हे शोधणं या वर्षीचं आमचं खरं काम आहे. कापडी बटव्यावर त्यांचीच फुलं छापून पाहतो आहोत. पहिले पन्नास बटवे केले आहेत आणि त्यातले तीस आधीच नोंदवले गेलेत. जांगडवहीचा नमुना आणि चिठ्ठ्यांचा मजकूर कोणत्याही संस्थेला हवा असेल तर जरूर मागा, मी आनंदाने देईन.